नसलेल्या सेवेची तपासणी कोण करणार?

साशंक : इंग्लंडमधल्या एमईच्या रुग्णांना न्याय मिळवून द्यायचा असेल तर त्यांच्या सेवांवर नियामकाची नजर कडक व्हायला हवी, असं तुम्ही म्हणता. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस म्हणा किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणा, आजार तोच आणि माझी शंकाही तीच. तिथला नियामक म्हणजे केअर क्वालिटी कमिशन, सगळे त्याला सीक्यूसी म्हणतात. २००९ मध्ये सुरू झालेली ही संस्था इंग्लंडमधली रुग्णालयं, जीपींचे म्हणजे फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने, वृद्धांची निवासगृहं तपासते. सेवा सुरक्षित आहे का, गुण देणारी आहे का, वागणूक मायेची आहे का, रुग्णाच्या गरजेनुसार वळते का, कारभार नीट आहे का, असे पाच प्रश्न विचारते आणि चारांपैकी एक शेरा देते : उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी, अपुरी. यात चूक काही नाही. पण शेरा द्यायला समोर सेवा असावी लागते. एक्झेटरच्या एका २७ वर्षांच्या तरुणीच्या मृत्यूची चौकशी करून कॉरोनर या न्यायिक अधिकाऱ्यानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारला लेखी कळवलं की गंभीर एमईच्या रुग्णांसाठी साऱ्या इंग्लंडमध्ये एकही विशेष रुग्णालय नाही, वॉर्ड नाही, खाट नाही. या आजारात चारातला एक रुग्ण गंभीर किंवा अतिगंभीर गटात मोडतो असं मानतात. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्यासाठी उभं काहीच नाही. मग निरीक्षक कुठल्या दाराशी जाऊन कुठली नोंदवही उघडणार?

आग्रही : ती तरुणी रुग्णालयात गेलीच नव्हती असं थोडंच आहे? २०२१ मध्ये तिला तीनदा दाखल केलं होतं. चावता येत नव्हतं, उठून बसता येत नव्हतं, पोटात पुरेसं अन्न जात नव्हतं. विशेष एमई वॉर्ड नव्हता हे खरं, पण ज्या सर्वसाधारण रुग्णालयात ती होती ते नोंदणीकृत होतं आणि नियामकाच्या कक्षेत होतं. आता कायदा काय सांगतो ते बघा. स्टॅफर्डच्या रुग्णालयात म्हाताऱ्या रुग्णांना पाणीसुद्धा वेळेवर मिळत नव्हतं, त्याचा फ्रान्सिस अहवाल २०१३ मध्ये आला. त्यानंतर २०१४ च्या नियमावलीत मूलभूत निकष घातले गेले. त्यातला चौदावा नियम फक्त अन्न आणि पाणी यांविषयी आहे. रुग्णाच्या पोषणाची गरज भागवलीच पाहिजे, आणि ती न भागवल्यानं टाळता येण्याजोगी इजा झाली तर सेवा देणाऱ्यावर खटलाही भरता येतो. हा नियम लागू करायला एमई कशामुळे होतो हे कळावं लागत नाही. आजाराचं मूळ मेंदूत आहे, प्रतिकारशक्तीत आहे की आणखी कुठे, यावर शंभर वर्षं वाद चालू द्या. माणूस उपाशी आहे की नाही, हे कळायला तो वाद संपण्याची वाट बघावी लागत नाही. माझा मुद्दा इथून सुरू होतो. नियामकानं आधी हा तळ सांभाळावा. उपचारांचं शहाणपण त्याच्याकडून मी मागतच नाही.

साशंक : तळ म्हणालात, तर त्या नियमाची हद्दही वाचा. जिथे रुग्ण रात्री राहतो, किंवा जिथे जेवू घालणं हा ठरलेल्या सेवेचाच भाग आहे, तिथेच तो लागू होतो. ती तरुणी गेली ती घरी, ३ ऑक्टोबर २०२१ ला. घरी सोडल्याचा कागद झाला की चौदावा नियम वॉर्डातच मागे राहतो. आणि वॉर्डात असतानासुद्धा, उपाशी आहे की नाही एवढंच ठरवायचं असतं का? नळीतून अन्न द्यायचं तर रुग्णाला तीस अंशांत तरी बसवावं, अशी डॉक्टरांची रीत. अतिगंभीर एमईचा रुग्ण तेवढंही बसू शकत नाही. झोपलेल्या अवस्थेत नळी चालू ठेवली तर अन्न फुफ्फुसात जाण्याची भीती. शिरेतून पोषण द्यावं तर जंतुसंसर्गाचा धोका, आणि तो पत्करण्याइतका आजार खरा आहे का याविषयी डॉक्टरांच्या मनात किंतू. यातला प्रत्येक निर्णय शेवटी एकाच जागी येऊन थांबतो : समोरचा माणूस बसू शकत नाही, की बसत नाही? तुमचा तळही आजारावरच्या विश्वासावरच टेकलेला आहे. आणि तो विश्वास नियामक कुठून आणणार? पुस्तकातून. ते पुस्तक चौदा वर्षं काय सांगत होतं?

आग्रही : नाइसची, म्हणजे इंग्लंडमध्ये उपचारांच्या राष्ट्रीय मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेची, २००७ ची मार्गदर्शिका म्हणताय.

साशंक : तीच. सौम्य आणि मध्यम आजाराच्या रुग्णांना सीबीटी म्हणजे विचार-वर्तनाचं समुपदेशन द्या, आणि ग्रेडेड एक्सरसाइज, म्हणजे ठरलेल्या टप्प्यांनी वाढत जाणारा व्यायाम द्या, असं त्यात लिहिलं होतं. मग २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पेस नावाची चाचणी आली. ६४१ रुग्ण, सुमारे पन्नास लाख पौंडांचा सरकारी पैसा, आणि निष्कर्ष असा की या दोन्हींनी फरक पडतो. पुढे रुग्णांनीच त्या चाचणीचे आकडे तपासायला घेतले. शारीरिक क्षमतेच्या मोजपट्टीवर ६५ किंवा त्याहून कमी गुण असले तर माणूस चाचणीत येण्याइतका आजारी, आणि नंतर ६० गुण मिळाले तर त्या निकषावर बरा! म्हणजे एखादा माणूस चाचणीच्या काळात थोडा खालावला तरी तेवढ्यापुरता बरा ठरू शकत होता. मूळ आकडे मिळवण्यासाठी एका रुग्णाला माहिती अधिकाराच्या वाटेनं न्यायाधिकरणापर्यंत जावं लागलं, तेव्हा २०१६ मध्ये ते चाचणी घेणाऱ्या विद्यापीठाला द्यावे लागले. नंतर नाइसनं सगळा पुरावा पुन्हा पारखला आणि व्यायामोपचाराच्या बाजूचा पुरावा कमी किंवा अत्यंत कमी दर्जाचा ठरला. २९ ऑक्टोबर २०२१ च्या नव्या मार्गदर्शिकेत तो उपचार देऊ नका असं स्पष्ट लिहिलं. ती ऑगस्टमध्ये यायची होती, आयत्या वेळी थांबवली होती. ती तरुणी जाऊन तेव्हा चार आठवडेही झाले नव्हते.

आता तुमचा कडक नियामक २००७ ते २०२१ या काळात नेऊन बसवा. सेवा परिणामकारक आहे का, हा प्रश्न तो कशावर तपासणार? राष्ट्रीय मार्गदर्शिकेवर. एखाद्या गावात एखादी समंजस थेरपिस्ट रुग्णांना म्हणत असेल, ‘थांबा, दमण्याआधी थांबा, ताकद उरवून ठेवा’, तर तिच्याच नावापुढे ‘सुधारणा हवी’ आलं असतं. आणि जिथे रुग्णांना ठरल्या वेळापत्रकानं चालवत होते, तिथे ‘चांगली’. देखरेख जितकी चोख, इजा तितकी पद्धतशीर. त्या चौदा वर्षांत नियामक ढिला होता म्हणून काही माणसं वाचली, हे मला नाकारता येत नाही.

आग्रही : हा आक्षेप जड आहे, आणि मी तो बाजूला सारत नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो. मार्गदर्शिकेप्रमाणे काम चाललंय का हे बघणं ही देखरेखीची एक रीत झाली. दुसरी रीत आहे इजेचा माग ठेवण्याची, आणि ब्रिटनला ती नवी नाही. थॅलिडोमाइड या औषधाच्या दुर्घटनेनंतर १९६४ मध्ये तिथे पिवळ्या कार्डाची योजना आली. डॉक्टरांनी, आणि आता तर रुग्णांनीही, औषधानं झालेला अपाय कळवायचा. संशय पुरे, सिद्ध करावं लागत नाही. एकेक कार्ड काही सांगत नाही, पण एकाच औषधाविरुद्ध शेकडो जमली की कुणाला तरी उठून बघावं लागतं. व्यायामोपचाराला असं कार्डच नव्हतं. कारण गोळी नाही, यंत्र नाही, त्यामुळे औषध-नियामकाच्या खात्यात तो बसत नाही. रुग्णसंघटना वर्षानुवर्षं पाहण्या करत होत्या. नाइसच्या फेरविचाराच्या वेळी ऑक्सफर्ड ब्रूक्स विद्यापीठानं केलेल्या पाहणीत तो उपचार घेतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी तब्येत खालावल्याचं सांगितलं. एखाद्या गोळीबद्दल एवढ्या तक्रारी आल्या असत्या तर ती कपाटातून बाहेर काढून तपासली असती. इथे त्याच तक्रारींना रुग्णांचा हट्ट म्हटलं गेलं. म्हणून मी म्हणतो, त्या चौदा वर्षांत देखरेख जास्त झाली नाही, चुकीच्या गोष्टीची झाली. नियमपालनावर डोळा होता, अपायावर नव्हता.

साशंक : अपायाचा माग ठेवायला अपाय दिसावा लागतो, आणि हा आजार तिथेच सर्वांना चकवतो. श्रमानंतर रुग्ण कोसळतो, पण लगेच नाही. एक दिवसानं, दोन दिवसांनी, कधी तिसऱ्या दिवशी. क्लिनिकमध्ये जो माणूस खुर्चीत बसून उत्तरं देतो तो त्याच्या आठवड्यातल्या सर्वांत बऱ्या तासात असतो. तो तास मिळवण्यासाठी त्यानं आधी दोन दिवस पडून काढलेले असतात आणि नंतर तो आठवडाभर पडून राहणार असतो. थेरपिस्टला हे दिसत नाही. ती प्रामाणिकपणे लिहिते, ‘आज दहा मिनिटं चालले, उत्साह चांगला.’ पुढच्या वेळी तो येत नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. दोनदा गैरहजर राहिला म्हणून नाव कमी होतं, आणि राहिलेल्यांची सरासरी सुधारलेली दिसते. निरीक्षक आला तर त्याला नीटनेटकं क्लिनिक दिसेल, हसतमुख कर्मचारी दिसतील, सुधारलेले आकडे दिसतील. इजा घडते ती चार दिवसांनी, दुसऱ्या गावात, पडदे ओढलेल्या खोलीत. आणि जो रुग्ण मोबाइलच्या उजेडाकडे बघू शकत नाही त्याला तुम्ही अभिप्रायाचा अर्ज भरायला सांगणार.

शिवाय त्या थेरपिस्टवर मी दोष टाकू इच्छित नाही. २०२१ ची मार्गदर्शिका येण्याआधी समितीतल्या काही सदस्यांनी राजीनामे दिले, आणि डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजांनी तिच्याशी असलेला मतभेद जाहीरपणे मांडला. त्यातल्या अनेकांनी डोळ्यांसमोर रुग्ण सुधारताना पाहिले होते, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांना जे दिसत होतं ते खरंच दिसत होतं. तज्ज्ञांचंच एकमत नसेल तिथे निरीक्षकाच्या शेऱ्याला काय आधार?

आग्रही : तुम्ही आत्ता जे सांगितलंत त्यातच तपासणी कशी करावी याचा जवळजवळ पूर्ण आराखडा आहे, हे तुमच्या लक्षात आलं का? जे येईनासे झाले त्यांना शोधा. भेटीच्या दिवशी विचारू नका, चार दिवसांनी विचारा. स्वतः बोलता येत नसेल तर आईला विचारा, नवऱ्याला विचारा, जो रोज डबा घेऊन खोलीत जातो त्याला विचारा. क्लिनिकनं गैरहजर रुग्णाचं नाव कमी करताना कारण काय लिहिलं ते बघा. यासाठी एमईचा तज्ज्ञ लागत नाही, चिकाटीचा माणूस लागतो. घरी जाणं नियामकाला अशक्य आहे असंही नाही. घरपोच शुश्रूषा देणाऱ्या संस्था सीक्यूसी तपासतेच की. नवीन मार्गदर्शिकाही सांगते की गंभीर रुग्णाला घरी जाऊन भेटा, आवाज-उजेड-वास यांचा त्रास होणार नाही अशी तयारी करून जा. एवढं क्लिनिकनं केलं का, हा तपासता येण्याजोगा प्रश्न आहे. यात मतभेद कुठे आला? व्यायामानं बरं वाटतं असं मानणारा डॉक्टरसुद्धा ‘सोडून गेलेल्या रुग्णांची चौकशी करू नका’ असं म्हणू शकत नाही.

आणि दुसऱ्या टोकालाही बघा. ज्यांना सरकारी सेवा मिळत नाही ते कुठे जातात? ‘लाइटनिंग प्रोसेस’सारखी तीन दिवसांची शिबिरं पैसे देऊन करतात. ती घेणारे प्रशिक्षक असतात, परवानाधारक आरोग्य-व्यावसायिक नसतात, म्हणून सीक्यूसीच्या नोंदणीबाहेर. नाइसनं नाव घेऊन सांगितलं की एमईच्या रुग्णांना हे देऊ नका. पण नाइसचं सांगणं सरकारी डॉक्टरांना. त्या शिबिराच्या दारात कोण उभं राहणार? विशेष सेवा नाही म्हणून निरीक्षक नको, असं तुम्ही म्हणता तेव्हा ही मोकळी जागा कुणाच्या ताब्यात जाते, तेही बघायला हवं.

साशंक : बघतो. पण नजर रुग्णाच्या बाजूनंच वळेल असं तुम्ही गृहीत धरता, आणि इतिहास तसं सांगत नाही. एमई झालेलं मूल शाळेत जाऊ शकत नाही. आईवडील म्हणतात, बळजबरी केली तर ते आणखी खालावतं. शाळा, डॉक्टर, समाजसेवा विभाग यांना त्यात आईवडीलच मुलाला आजारी ठेवतायत असं दिसतं. इंग्लंडमध्ये अशा कुटुंबांवर बालसंरक्षणाच्या चौकश्या बसल्या. व्यायामाचा कार्यक्रम नाकारला, हाच संशयाचा पुरावा झाला. हे इतकं घडलं की २०२१ च्या मार्गदर्शिकेत त्यासाठी वेगळा विभाग घालावा लागला : या आजाराची लक्षणं दुर्लक्षाची किंवा छळाची खूण समजली जाऊ शकतात, म्हणून चौकशीत एमईची जाण असलेला माणूस हवा. ती कुटुंबं देखरेखीखालीच होती हो. देखरेख भरपूर होती. ज्याच्या हातात अधिकार आहे तो कुणाचं ऐकतो, यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते कुठल्याही नियमात लिहिता येत नाही.

शिवाय हे काम ज्याच्यावर सोपवायचं म्हणता त्या संस्थेची अवस्था? जुलै २०२४ मध्ये आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं की सीक्यूसी आपल्या कामाला लायक उरलेली नाही. सरकारनं नेमलेल्या डॉ. पेनी डॅश यांच्या पाहणीत आढळलं की जी ठिकाणं तपासायचा तिला अधिकार आहे त्यांतल्या पाचातल्या एकाला कधी शेराच मिळालेला नाही. काही रुग्णालयांत वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नव्हतं. जी संस्था हृदयरोगाच्या, बाळंतपणाच्या वॉर्डापर्यंत पोहोचत नाही, ती पडदे ओढलेल्या खोलीपर्यंत कधी पोहोचेल?

आग्रही : संस्था आजारी आहे म्हणून काम नको, हे मला पटत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात खासगी शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते. नोंदणीचा कागद मिळतो, नूतनीकरण होतं. पण आत जाऊन पाच प्रश्न विचारणारा आणि उत्तरं कुणालाही वाचता येतील अशी मांडणारा नियामक नाही. इंग्लंडमधल्या रुग्णाला निदान एवढं ठाऊक असतं की तक्रार करायला एक दार आहे, आणि ते उघडत नाही हेही जाहीर पाहणीत लिहिलं जातं. हा फरक मला लहान वाटत नाही.

कुटुंबांबद्दल तुम्ही म्हणालात ते मात्र खरं आहे, आणि त्याचा मला फार त्रास होतो. ज्या आईनं मुलाला वाचवण्यासाठी खोलीत अंधार केला तिलाच चौकशीला उभं केलं, यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणेन की तिथे नजर एकाच दिशेनं होती. कुटुंबाकडे बघणारे होते, डॉक्टरकडे बघणारं कुणी नव्हतं.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ या, निरीक्षक कुठल्या दाराशी जाणार. क्लिनिकचं दार सोडून द्या. कुठल्या भागात कोणती सेवा उभी करायची आणि पैसा कुठे घालायचा, हे ठरवणारी स्थानिक मंडळं आहेत. २०२२ च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये अशी ४२ एकात्मिक आरोग्य मंडळं झाली. गंभीर एमईसाठी खाट नाही हा कुठल्या डॉक्टरचा अपराध नाही. ती नको, किंवा आत्ता नको, असं कुठेतरी ठरलं आहे, किंवा त्याचा विचारच झाला नाही. तो विचार न होणं हाही निर्णयच आहे आणि त्याला मालक आहे. त्याच कायद्यानं सीक्यूसीला या सगळ्या स्थानिक व्यवस्थेची पाहणी करण्याचा अधिकार दिला होता. तिथे जाऊन एकच प्रश्न विचारायचा : तुमच्या हद्दीत अंथरुणातून उठू न शकणारे एमईचे रुग्ण किती, आणि त्यांना कोण भेटायला जातं? जिथे उत्तर नसेल तिथे तेवढंच छापायचं.

साशंक : हा प्रश्न मला मान्य आहे. आत्तापर्यंतच्या तुमच्या सगळ्या बोलण्यात हीच गोष्ट मला ठाम वाटली, कारण इथे नियामकाला उपचार कळण्याची गरज नाही आणि रुग्णाच्या घरात घुसण्याचीही नाही. पण त्या अधिकाराचं काय झालं तेही सांगा. डॅश यांच्याच शिफारशीवरून २०२४ च्या शेवटी ते काम थांबवलं. आधी रुग्णालयांची तपासणी रुळावर आणा, मग हे बघू, असं म्हणून. कॉरोनरनं ज्यांना अहवाल पाठवला त्यांत सरकारी आरोग्यसेवा म्हणजे एनएचएस चालवणारी एनएचएस इंग्लंड होती. मार्च २०२५ मध्ये तीच संस्था बंद करून मंत्रालयात मिसळायची घोषणा झाली. कायद्यानं छप्पन्न दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तरं येतातही. पण उत्तर देणं आणि खाट उभी करणं यांत कायद्यानं कुठलाही दुवा ठेवलेला नाही.

आणि याहून खोल एक गोष्ट आहे, जी मला या साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत अन्यायाची वाटते. नाइस एखादं औषध मान्य करते तेव्हा एनएचएसनं ते साधारण तीन महिन्यांत उपलब्ध करून द्यावं अशी कायदेशीर सक्ती असते. पण मार्गदर्शिकेला ती सक्ती नाही. ती विचारात घ्यायची असते, एवढंच. एमईवर औषधच नाही. म्हणजे सक्तीच्या रस्त्यावर हा आजार कधी आलाच नाही. कर्करोगाच्या रुग्णाला औषध नाकारलं तर तो कायद्याकडे बोट दाखवू शकतो. एमईच्या रुग्णाकडे बोट दाखवायला एक चांगला लिहिलेला दस्तऐवज आहे. संशोधनाला पैसा नाही म्हणून औषध नाही, औषध नाही म्हणून सक्ती नाही, सक्ती नाही म्हणून सेवा नाही, आणि सेवा नाही म्हणून तपासायला काही नाही. तुमचा नियामक या साखळीच्या अगदी शेवटच्या कडीला धरून ओढतोय.

आग्रही : मग पहिली कडी कोण ओढणार? ऑगस्ट २०२५ मध्ये एडिंबरोच्या डीकोडएमई अभ्यासानं पंधरा हजारांहून जास्त रुग्णांच्या जनुकांतून आजाराशी जोडलेल्या आठ जागा दाखवल्या. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण तिथून औषधापर्यंत किती वर्षं जातील हे कुणी सांगू शकत नाही, आणि आज जी मुलगी पडून आहे तिला तेवढं थांबायला सांगायचं का? सरकारनं जुलै २०२५ मध्ये एमईची योजना जाहीर केली. त्यात अतिगंभीर रुग्णांसाठी विशेष सेवा उभारण्याच्या शक्यतेचा विचार करू, असं आहे. ‘विचार करू’ या शब्दांना तारीख कोण लावणार? संशोधक लावणार नाही, डॉक्टर लावणार नाही. कुणीतरी बाहेरचा, पैशाशी संबंध नसलेला, दर वर्षी येऊन विचारणारा लागतो. नियामकाचं हेच मुख्य काम आहे असं मला वाटतं. मोकळी जागा मोजायची आणि तिच्यावर नाव लिहायचं.

साशंक : नाव लिहायला आधी रुग्णांची यादी लागेल. ती कोण करणार? जीपी. निदान न झालेला रुग्ण यादीत नाही, आणि या आजारावर विश्वास नसलेल्या जीपीकडे निदान होतच नाही. ज्या मंडळाच्या हद्दीत सर्वांत कमी रुग्ण दिसतील तिथे कदाचित सर्वांत जास्त लोक नोंदीवाचून पडलेले असतील. आणि तुमचा निरीक्षक त्यांच्या कमी आकड्याकडे बघून समाधानानं परत जाईल.

आग्रही : समाधानानं जाऊ नये, एवढं तर त्याला शिकवता येईल. लोकसंख्येच्या मानानं किती रुग्ण असायला हवेत याचा अंदाज आहे. कमी आकडा हाच पहिला प्रश्न करायचा.

साशंक : आणि मंडळ म्हणेल, आमच्याकडे हे लोक नाहीत.

आग्रही : तेव्हा ज्यांच्या घरी ते आहेत त्या आईवडिलांना त्या बैठकीत बोलवावं लागेल. एमईच्या समितीवर नाइसनं रुग्णांना सदस्य म्हणून बसवलं, आणि २०२१ मध्ये मार्गदर्शिका वळली त्यात त्यांचा वाटा होता. नियामकाच्या पथकात ते का नसावेत?

साशंक : असावेत. पण त्यांची साक्ष मंडळाच्या आकड्यांपेक्षा वरचढ धरायची का, हे तुम्ही सांगितलं नाही. धरली, तर उद्या एखादा वेगळा, चुकीचा उपचार मागणाऱ्या रुग्णगटालाही तीच सवलत द्यावी लागेल. नाही धरली, तर आपण पुन्हा २००७ मध्ये आहोत. मला दोन्ही नको आहेत, आणि तिसरं काय ते मला अजून सापडलेलं नाही.

आग्रही : मलाही नाही. पण अपायाबद्दल बोलताना साक्षीचं वजन जास्त आणि गुणाबद्दल बोलताना पुराव्याचं, इथून सुरुवात करावी असं मला वाटतं. ‘यानं मी बरा झालो’ याला चाचणी लागते. ‘यानंतर मी अंथरुणाला खिळलो’ याला आधी थांबणं लागतं, चाचणी नंतर.

साशंक : आणि थांबवलेल्या उपचारानं कुणाला खरंच गुण येत होता असं निघालं तर?

आग्रही : तर त्या माणसालाही त्याच बैठकीत खुर्ची द्यावी लागेल.